वावधनचं शेवटचं दार

दार कशामुळे उघडतं, हा मताचा प्रश्न नाही. ते दार मी बनवलेलं आहे. पडद्यावर ते दगडाचं दिसतं, पण आतून ती नुसती आकडेमोड आहे. दाराच्या अलीकडे हवेचा दाब किती आणि पलीकडे किती, एवढंच त्याला कळतं. दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला की ते आपल्या वजनानं बाजूला सरकतं. समोर कोण उभं आहे हे दाराला कळावं, अशी काही सोयच मी त्यात ठेवलेली नाही. तरीही एप्रिलमधल्या एका दुपारी, बोरगाव मेघेच्या आमच्या घरात, आमच्याच खुर्चीवर बसून, पुण्याहून आलेल्या सरिता मॅडम मला समजावून सांगत होत्या की दार उघडतं ते तानीच्या रक्तामुळे.

वावधन म्हणजे आमच्याकडचं वादळ. त्या नावाचा हा गेम मी आणि माझा मोठा भाऊ धम्मदीप, आम्ही दोघांनी मिळून बनवला. आईबाबा समुद्रपूरला असतात. आम्ही दोघं कॉलेजपासून धुरपता आत्याकडे राहतो. आत्या आरोग्य केंद्रातून नर्स म्हणून निवृत्त झाली आहे आणि घरात तिचा आवाज अजून वॉर्डात असल्यासारखाच असतो. दादानं इंजिनियरिंग केलं. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आणि आता तासिका तत्त्वावर अकरावी-बारावीला शिकवते.

गेमची गोष्ट अशी आहे. एका मुलखात वारा वाहायचा थांबला आहे, कारण तिथल्या राजानं तो डोंगराच्या पोटात कोंडून ठेवला आहे. तो सोडवायला तानी नावाची कापूस वेचणारी मुलगी डोंगरात शिरते. तिच्याजवळ तलवार नाही, मंत्र नाही. ओटीत कापूस आहे. ती कापसाचा पुंजका हवेत सोडते आणि तो कुठे सरकतो ते बघून हवा कुठून कुठे चालली आहे हे ओळखते. त्यावरून कोणतं भोक उघडायचं आणि कोणतं बुजवायचं ते ठरवायचं. वाटेत राक्षस आहेत, वटवाघळांची सेना आहे, भुयारात तरंगणारी बेटं आहेत. पण गेमचा जीव तो पुंजका आहे, आणि त्याच्या हालचालीवर मी जेवढी मेहनत घेतली तेवढी माझ्या प्रबंधावरही घेतली नव्हती.

सगळ्यात शेवटी ते दार येतं. दाब सारखा व्हायला काही क्षण लागतात. तेवढा वेळ खेळणाऱ्यानं नुसतं दगडाकडे बघत बसायचं का? म्हणून दादानं दाराला एक दगडी तोंड दिलं. ते तोंड तानीला विचारतं, "तू कोणाची?" खाली चार उत्तरं येतात: राजाची, मायची, गावाची, कोणाचीच नाही. त्यातलं कोणतंही निवडा. दार उघडतं. काहीच निवडलं नाही तरी उघडतं.

हा प्रश्न त्या जागी असावा असं मलाही वाटलं होतं. प्रबंधासाठी मी कारंजा गावाच्या आसपास वाऱ्याचा वेग मोजायची यंत्रं लावत हिंडले होते. एका शेतकऱ्यानं यंत्र बांधावर लावायला आनंदानं होकार दिला, पाणी दिलं, संत्री दिली. मग विचारलं, कोणाची तू? मी नाव सांगितलं. पूर्ण नाव? तेही सांगितलं. गाव? गावात घर कोणत्या बाजूला? तेवढं झाल्यावर त्याला आठवलं की बांधावर यंत्र लावलं तर वखराला अडचण होईल. यंत्र रस्त्याच्या कडेला लावा म्हणाला. तो रस्ता म्हणजे नागपूर-अमरावती महामार्ग. माझ्या प्रबंधात त्या ठिकाणच्या वाऱ्याच्या आलेखावर दर थोड्या वेळानं एक टोकदार झटका दिसतो. तो वारा नाही, ट्रक आहे. गेममध्ये निदान एक तरी दार असं असावं, जे हा प्रश्न विचारेल आणि उत्तराशी ज्याचा काही संबंध नसेल, असं माझं म्हणणं होतं.

गेम मोबाइलवर आला आणि आमच्या अपेक्षेपेक्षा बराच जास्त चालला. मग पुण्याच्या एका प्रकाशनाचा फोन आला. ते मराठीत मांगा काढतात, म्हणजे जपानी धाटणीची चित्रकथा: काळी-पांढरी, जाडजूड, आणि जपान्यांसारखीच उजवीकडून डावीकडे वाचायची. त्यांना 'वावधन'चा मांगा करायचा होता. दादाचं पुढचं सगळं या पुस्तकावर ठरणार होतं. पुस्तक निघालं तर दुसऱ्या गेमसाठी हीच माणसं त्याच्या पाठीशी उभी राहणार होती. नाही निघालं तर नागपूरला एका विमा कंपनीच्या ॲपचं काम त्याची वाट बघत होतं. नुसत्या गेमवर जगता येत नाही, हे त्यानं बाबांना कबूल केलेलं होतं. करारात मी एकच अट घालायला लावली होती: कच्च्या पानांना आमच्या दोघांची संमती असेल, तरच त्यांच्यावर पक्की शाई चढेल.

ती कच्ची पानं घेऊन सरिता मॅडम आणि चित्रकार चंदन आमच्याकडे आले. मॅडम म्हणजे प्रकाशनाच्या संपादक. चंदन नागपूरचा, दादाच्याच वयाचा, आल्याबरोबर कूलरसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "जय भीम, आत्या. पाच मिनटं इथंच उभा राह्यतो, मंग ओळख करून घेऊ."

"उभा राह्य बाप्पा," आत्या म्हणाली. "पुण्याच्या बाईले बसू दे. गोरसपाक घ्या हो मॅडम, वर्ध्याशिवाय मिळत नाई."

मॅडमनी पानांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि कूलरच्या वाऱ्यानं वरची चार पानं उडाली. मग कूलर बंद करावा लागला. त्या दुपारी जे बोललं गेलं ते कूलर बंद असताना बोललं गेलं, हेही लक्षात घ्यायला हवं.

गठ्ठा सगळ्यात आधी आत्यानं उचलला. ती स्वतः गेम खेळते. तिसऱ्या गुहेत अडकली आहे, आणि तिथली वटवाघळं मी मुद्दाम तिच्यासाठी ठेवली आहेत असा तिचा संशय आहे. तिनं आपल्या पोथ्या-पुस्तकांसारखा गठ्ठा डावीकडून उघडला. म्हणजे पहिल्यांदा शेवटचं पान.

"अवं माय!" ती म्हणाली. "हे तं पहिल्याच पानावर राणी झाली."

मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. तानीच्या डोक्यावर मुकुट होता. अंगावर झुली असाव्यात तसे दागिने. आत्यानं मागचं पान उलटलं, म्हणजे कथेतलं त्याच्या आधीचं. त्यात दार उघडत होतं. त्याच्याआधीच्या पानावर तानीनं तळहाताला धारदार दगडानं चीर पाडली होती आणि रक्ताचा एक मोठा थेंब दाराच्या दगडी तोंडात पडत होता. फुग्यात लिहिलं होतं: 'वायुराजाच्या वंशाचं रक्त! कन्ये, तुझीच वाट पाहत होतो.'

चंदननं काढलं मात्र जबरदस्त होतं. त्या थेंबात दाराचं प्रतिबिंब दिसत होतं. ते बघून मला आणखीनच संताप आला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"हा आपला क्लायमॅक्स," मॅडम म्हणाल्या. "आवडला?"

"ही राजाची मुलगी कधी झाली?"

"गेममध्येच आहे की. दार विचारतं, तू कोणाची, ती म्हणते राजाची, आणि दार उघडतं. आमच्या सगळ्या टीमनं एका मुलाचा खेळतानाचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. काय सुंदर जागा आहे ती! आम्ही फक्त ती थोडी ठळक केली."

"दुसरं उत्तर देऊन पाहिलं का कोणी?"

"दुसरं कशाला? उघडलं ना दार."

"मॅडम, मी स्टेशनवर शिंकले आणि तेवढ्यात गाडी आली, तर गाडी माझ्या शिंकेनं आली का? मी शिंकले नसते तर आली असती की नाही, हे बघायला नको?"

चंदन हसला. मॅडमही हसल्या, त्या खरोखर चांगल्या स्वभावाच्या होत्या, आणि त्यांच्याशी भांडणं त्यामुळेच अवघड जात होतं. "भावना, तू शास्त्राची आहेस म्हणून तुला तसं वाटतं. वाचकाला हवेचा दाब दिसत नाही गं. त्याला काहीतरी आतून भिडणारं कारण लागतं."

"दाब दिसावा म्हणून तर कापूस आहे. सगळा गेम तेवढ्यासाठी आहे. पोरीनं नऊ गुहांमध्ये हवा वाचली, एकेक भोक शोधून उघडलं, म्हणून दाब सारखा झाला. आणि तुम्ही म्हणता रक्त? मग नऊ गुहा कशाला चालली ती? जन्मल्याबरोबर सरळ दारापाशी नेऊन टोचायचं होतं."

"मले तं आवडली," आत्या मध्येच म्हणाली. ती मुकुटाचं पान हातात धरून लांबून बघत होती. "मुकुट शोभते पोट्टीले."

"आत्या, तू थांब."

"मी कायले थांबू? माझ्या घरी बसून मलेच थांबवून राह्यली."

सरिता मॅडमनी पानं सरळ केली. "हे बघ, आम्ही मनाचं काही केलेलं नाही. लेखक मंडळी अशा बाबतीत हळवी असतात, मला माहीत आहे. म्हणून मी धम्मदीपला फोनवर स्पष्ट विचारलं होतं, तानी राजाची मुलगी आहे ना? तो हो म्हणाला."

मी दादाकडे पाहिलं. तो बंद कूलरकडे बघत होता.

"दादा?"

"मी म्हटलं, तसं समजा," दादा म्हणाला.

आमच्या गेममधलं दार कसं उघडतं हे जगात फक्त दोन माणसांना पक्कं माहीत होतं. एक मी, एक तो. टीमला माहीत नव्हतं, व्हिडिओतल्या मुलाला माहीत नव्हतं, त्यांचं मी समजू शकत होते. खेळणाऱ्यांनी काय उत्तर दिलं याची नोंद गेम आमच्याकडे पाठवतो. बहुतेक सगळे पहिल्याच फटक्यात 'राजाची' निवडतात. डोंगर राजाचा, तेव्हा राजाचं नाव चालेल, असा हिशेब. दार उघडतं आणि आपला हिशेब बरोबर आला असं त्यांना वाटतं. परत जाऊन दुसरं उत्तर देऊन बघणारे फार थोडे. हे सगळं आम्ही दोघांनी मिळून पाहिलेलं होतं, त्यावर हसलो होतो. आणि तरी तो म्हणाला होता, तसं समजा.

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात आत्यानं माझं तोंड ओळखलं. "तुम्ही दोघं इथं भांडू नका. जेवाची वेळ झाली. दही संपलं, जा, घेऊन या. दोघंही जा."

दह्याला दोन माणसं लागत नाहीत. पण आत्याच्या सुरापुढे आम्ही चपला घातल्या.

रस्त्यावर ऊन होतं आणि माणूस नव्हता. कोपऱ्यावर आल्यावर मला राहवलं नाही.

"काऊन म्हटलं तू तसं?"

"आता झालं ते झालं, भावना. एक पान आहे."

"एक पान नाई ते. त्या पानानं बाकीची सारी पानं खोटी होतात. तुले माहीत आहे."

दादा रसवंतीच्या सावलीत थांबला. रसवंती बंद होती. "पेपरात आपल्या गेमची बातमी आली तेव्हा मथळा काय होता?"

मला आठवत होतं. मजुराच्या मुलाची गगनभरारी.

"बाबा कोण आहेत?" दादानं विचारलं.

"कृषी सहायक."

"सरकारी नोकरी. फटफटी आहे. आपण दोघं इंग्रजी शाळेत गेलो. त्या पत्रकाराले मी हे सारं सांगतलं. तरी त्यानं मजूर छापलं. आपण गरीब असलो की त्याइले गोष्ट बरी वाटते. नागपूरच्या कार्यक्रमात माझा सत्कार करणाऱ्यानं भाषणात मले उपाशी झोपवलं. मी सकाळी त्याच्याच इथं तर्री-पोहे खाल्ले होते!"

मला हसू आलं, पण मी ते दाबलं.

"मंग मॅडमचा फोन आला," दादा म्हणाला. "तिनं विचारलं, राजाची पोरगी आहे ना. पह्यल्यांदा कोनीतरी आपल्या पोरीले गरीब समजलं नाई. मले वाटलं, असू दे ना. दरवेळी आपलीच पोरगी कापूस वेचनारी काऊन? एकदा आपली पोरगी राजाची निघाली तं कोनाचं काय जाते?"

त्याच्या बोलण्यात चूक कुठे आहे ते मला दिसत नव्हतं. चूक दिसत नसेल तर ती नाही असं धरून पुढे जावं, असं मला शिकवलेलं आहे. तानीच्या हातात कापूस मी दिला होता. मला हवा दिसायला हवी होती आणि कापसाइतकं हलकं, पांढरं, आमच्याकडे सगळीकडे मिळणारं दुसरं काही सुचलं नव्हतं. कापूस आला, म्हणून वेचणारी आली. तिला मजूर करायचं असं मी कधी ठरवलेलंच नव्हतं.

"कोनाचंच जात नाई," मी शेवटी म्हटलं. "असू दे राजाची. घाल मुकुट. दोन घाल. पन दार त्यानं उघडत नाई, दादा. तुले राजाची पोरगी पाहिजे, मले त्याचं काही नाई. त्याइनं तिचं रक्त दाराले दाखवून मंग आत घेतलं. तू दारावर माणूस बसवला. तोच तो कारंज्याचा शेतकरी."

"मी नाई बसवला."

"तू म्हटलं, तसं समजा."

तो सावलीतून निघून चालायला लागला. मग म्हणाला, "दही घे. मलईचं घेजो, नाईतर आत्या वापस पाठवन."

परत आलो तेव्हा आत्या आणि चंदन वटवाघळांवर बोलत होते. चंदनही तिसऱ्या गुहेतच अडकला होता. शेवट त्यानं स्वतः खेळलेला नव्हता. व्हिडिओ बघून काढला होता. हे ऐकून मला पुन्हा राग आला, पण दादानं खिशातून मोबाइल काढला, गेम सरळ शेवटच्या दारापाशी नेला आणि चंदनच्या हातात दिला.

"खेळ."

"थेट दारावर? वा, हे तं व्हीआयपी दर्शन झालं." चंदननं 'राजाची' निवडलं. दार उघडलं. "हां, हेच."

"परत खेळ. दुसरं दे."

त्यानं 'मायची' निवडलं. दार उघडलं. त्यानं भुवया वर केल्या, परत मागे गेला, 'गावाची' निवडलं. मग 'कोणाचीच नाही'. मग मोबाइल टेबलावर ठेवून हाताची घडी घातली आणि कशालाच बोट न लावता बसला. दगडी तोंड प्रश्न विचारून गप्प झालं, आणि दार बाजूला सरकलं.

"अरे यार," चंदन म्हणाला. "ये तो हर बार खुलता है. मंग मी तो थेंब काढाले चार दिवस काऊन घातले?" त्यानं पुन्हा मोबाइल उचलला आणि पुन्हा उत्तरं देत बसला. आत्याही त्याच्या बाजूनं डोकं घालून बघू लागली.

सरिता मॅडमनी सगळं पाहिलं. "सुंदर आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांना ते मनापासून वाटलं होतं. "गेममध्ये फारच सुंदर आहे. पण पुस्तकात वाचकाच्या हातात चार उत्तरं देता येत नाहीत. पानावर एकच छापलं जातं."

"फुगा रिकामा सोडू, मॅडम," चंदन मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला. "दार विचारते, ती तोंड उघडते, फुगा रिकामा. पुढच्या चौकटीत दार उघडं. मी असं काढतो की बस."

"रिकामा फुगा बघून वाचक म्हणेल छपाईत चूक झाली."

"मग दाब दाखवा," मी म्हटलं. "कापसाचा पुंजका दाराच्या फटीशी थरथरतो, हळूहळू थांबतो, थांबला की दार उघडतं. शेवटच्या पानावर याहून चांगलं काय पाहिजे?"

"भावना, मुखपृष्ठ तयार आहे." त्यांनी गठ्ठ्याच्या तळातून एक रंगीत कागद काढला. त्यावर पुस्तकाचं नाव होतं: 'वावधन: राजरक्ताची तानी'.

राजरक्त. तो शब्द आमच्या टेबलावर, आमच्या दह्याच्या वाटीशेजारी पडला होता. मी आयुष्यात रक्तगट तपासला आहे, हिमोग्लोबिन तपासलं आहे, आत्यानं आरोग्य केंद्रात हजारो बोटं टोचली आहेत. राजाचं रक्त कोणत्या काचेवर वेगळं दिसतं, हे मला मॅडमना विचारायचं होतं. पण त्यांनीच आधी बोलायला सुरुवात केली. 

"मला तुमची अडचण कळते," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पण छपाईचा क्रम लागलेला आहे. आज संमती मिळाली तर पुढच्या आठवड्यात शाई सुरू. नाही मिळाली तर ती जागा मला दुसऱ्या पुस्तकाला द्यावी लागेल. आणि मग वर्षभर काही सांगता येणार नाही. धम्मदीप, तू बोल. तुझ्यासाठी हे किती महत्त्वाचं आहे, मला माहीत आहे."

माझी संमतीही लागत होती. मी नाही म्हटलं असतं तर संपलं असतं. पण मग आयुष्यभर ते माझ्यामुळे झालं असतं, आणि दादा ते कधी बोलला नसता, हे त्याहून वाईट. म्हणून मी दादाला बोलू दिलं.

दादा म्हणाला, "मॅडम, राजकन्या राहू द्या. मुकुट राहू द्या. नाव बदला आणि दार बदला."

"दार बदललं तर राजकन्या कशाला हवी?"

"उगाच."

"उगाच म्हणजे?"

"आमची मुलगी आहे. आम्हाला तिला मुकुट घालावासा वाटला, घातला. त्यानं काही होत नाही."

मॅडमनी मुकुटाच्या पानावर बोट ठेवलं. "धम्मदीप, गोष्टीत उगाच काही ठेवता येत नाही. मुकुट दाखवला तर तो कुठंतरी कामी आला पाहिजे. हे अगदी प्राथमिक आहे."

"बाकीच्यांच्या गोष्टीतल्या राजकन्या उगाचच असतात," दादा म्हणाला. "त्यांना कोणी विचारत नाही, मुकुट कशाला. आमचीला कारण द्यावं लागतं."

"तसं मी म्हटलेलं नाही."

"नाही म्हटलं. मला माहीत आहे." त्यानं मुखपृष्ठाचा कागद उचलून त्यांच्या हातात दिला, अगदी आदरानं, दोन्ही हातांनी. "माझी संमती नाही. तिला विचारायची गरज नाही, तिची तर पहिल्यापासूनच नाही."

मग सगळे जेवले. ही गोष्ट बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, पण आत्याच्या घरातून कोणी उपाशी जाऊ शकत नाही, आणि मॅडमनीही नाही म्हटलं नाही. जेवताना पुण्याचा उन्हाळा आणि वर्ध्याचा उन्हाळा यावर बोलणं झालं. कूलर पुन्हा सुरू केला होता. पानं बॅगेत गेली होती.

निघताना सरिता मॅडम मला म्हणाल्या, "तू हट्टी आहेस."

"दाराच्या बाबतीत," मी म्हटलं.

चंदन मागे रेंगाळला. आत्याच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "थरथरनारा पुंजका कसा काढायचा, ते मले आता झोपू देनार नाई. फुकटचं डोक्यात घातलं." मग स्टेशनसाठी रिक्षात बसला.

पाहुणे गेल्यावर आत्या आम्हा दोघांवर बरसली. "शिकल्या-सवरल्या पोराइचं हे असं. हातात आलेलं पुस्तक वापस केलं! आनि काऊन? तं हवेसाठी! मुकुटात एवढी गोड दिसत होती पोट्टी." ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळू लागली. मग तिथूनच ओरडली, "पन रक्त नोको होतं दाखवाले. हात चिरून घेते, टिटॅनस होईन न."

दादा आता नागपूरला जातो. सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी. विम्याच्या ॲपमध्ये एक जागा आहे जिथे ग्राहकाला वारसाचं नाव भरावं लागतं, ती त्यानं बनवली आहे, असं तो सांगतो आणि हसतो. मला त्याच्या हसण्याचा राग येतो. पुण्याच्या लोकांचा येतो. त्या पत्रकाराचा येतो, व्हिडिओतल्या मुलाचा येतो, ज्यानं एकदाही मागे जाऊन दुसरं उत्तर देऊन पाहिलं नाही. दादाचाही अजून येतो, तसं समजा म्हटल्याबद्दल. शेवटी तो बरोबर वागला, म्हणून तो राग वजा होत नाही. दोन्ही वेगवेगळ्या नोंदी आहेत.

मे महिन्याच्या एका रविवारी दादानं लॅपटॉप उघडून विचारलं, "तो प्रश्न काढूनच टाकू का? विचारतच नाई दार. झंझट खतम."

"नाई," मी म्हटलं. "लोक विचारतात तं दारानंही विचारावं. पन उत्तरासाठी थांबू नये."

मी दाब सारखा व्हायला लागणारा वेळ कमी केला. एकच आकडा होता. त्यानंतर गेमची नवी आवृत्ती आम्ही सोडली. आता तानी शेवटच्या दारापाशी येते, दगडी तोंड उघडतं, "तू को—" एवढं म्हणतं, आणि त्याचं वाक्य संपायच्या आत दार त्या तोंडासकट बाजूला सरकतं. चार उत्तरं खाली येईपर्यंत तानी आत गेलेली असते आणि वारा सुटलेला असतो. दगडी तोंडाचा शेवटचा अर्धा शब्द वावधनात ऐकूही येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून तक्रारी यायला लागल्या. शेवटच्या दारात बिघाड आहे. उत्तर द्यायला वेळच मिळत नाही. मी 'राजाची' दाबायच्या आधीच दार उघडलं, माझं उत्तर मोजलं गेलं की नाही? एकानं तीन वेळा लिहिलं, रागाची चिन्हं टाकून: इतकी मेहनत करून शेवटपर्यंत आलो आणि मला कोणी विचारलंच नाही, लवकर दुरुस्त करा.

सगळ्यांना मीच उत्तर देते, कॉलेजातून आल्यावर, एकेकाला, नाव घालून. बिघाड कळवल्याबद्दल आभार. दार तपासलं. दार बरोबर चालतं आहे.